जबड्याची शस्त्रक्रिया: आधीची तयारी आणि नंतरचे महिने (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वेडावाकडा, मागे राहिलेला किंवा पुढे आलेला जबडा सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुमच्या सर्जनने याहून वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. हाड कुठे कापलं, किती सरकवलं आणि जोड किती पक्का बसला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

१. यात नेमकं काय करतात? चेहऱ्यावर व्रण राहतो का?

चीर बहुतेक सगळी तोंडाच्या आतून घेतात, त्यामुळे बाहेर व्रण दिसत नाही. कधीकधी स्क्रू बसवायला गालावर चार-पाच मिलिमीटरचं छिद्र पाडावं लागतं, त्याची खूण काही महिन्यांत पुसट होते. वरचा जबडा दातांच्या मुळांच्या वरून आडवा कापून मोकळा करतात. या छेदाला 'ल फोर १' म्हणतात, कारण चेहऱ्याची हाडं कोणत्या रेषांवर मोडतात ते रेने ल फोर या फ्रेंच सर्जनने १९०१ साली दाखवून दिलं होतं. खालचा जबडा दोन्ही बाजूंना, दाढांच्या मागे, उभा चिरून दोन पदरांत वेगळा करतात. दातांचा भाग पुढे-मागे सरकवला तरी हे पदर एकमेकांवर टेकलेले राहतात, म्हणून हाड लवकर जुळतं. १९५७ साली ट्राउनर आणि ओब्वेगेसर या सर्जनांनी मांडलेली ही पद्धत थोड्याफार बदलांसह आजही तीच आहे. नव्या जागी हाड टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रूंनी धरून ठेवतात. गरज असेल तर हनुवटीचं हाडही त्याच वेळी सरकवतात. एका जबड्याला साधारण दीड-दोन तास आणि दोन्ही जबड्यांना तीन ते पाच तास लागतात.

२. नुसत्या ब्रेसेसने भागणार नाही का?

ब्रेसेस (दातांवर बसवलेल्या तारा) दात हलवतात, वाढ पूर्ण झालेला जबडा हलवत नाहीत. फरक थोडा असेल तर दात तिरके करून चावा (वरचे-खालचे दात मिटल्यावर एकमेकांवर बसणं) जुळवता येतो. फरक मोठा असताना तसं केलं तर दात हाडाच्या कडेला जातात, हिरड्या खाली सरकतात आणि चेहरा होता तसाच राहतो. एक धोका इथे सांगायलाच हवा: तडजोड म्हणून दात काढून ब्रेसेसने चावा जुळवला आणि दोन वर्षांनी शस्त्रक्रिया करायची ठरली, तर आधीचं सगळं काम उलटं फिरवावं लागतं. म्हणून हा निर्णय ब्रेसेस लावण्यापूर्वी ऑर्थोडॉन्टिस्ट (ब्रेसेस लावणारे दंतवैद्य) आणि सर्जन या दोघांसमोर बसून घ्यावा.

३. माझी मुलगी १५ वर्षांची आहे. आत्ताच करून टाकली तर?

जबड्याची वाढ थांबल्याशिवाय नको. मुलींमध्ये ती साधारण १६-१७ व्या वर्षी थांबते आणि मुलांमध्ये १८ ते २१ च्या दरम्यान. खालचा जबडा पुढे येणाऱ्यांत ती आणखी लांबते. वयाच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा सहा महिने ते वर्षभराच्या अंतराने कवटीचे बाजूने दोन एक्स-रे काढून एकमेकांशी ताडून पाहणं खात्रीचं. वाढ चालू असताना शस्त्रक्रिया केली तर खालचा जबडा पुन्हा पुढे येतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. झोपेत श्वास अडकण्यासारखा गंभीर त्रास असेल तर मात्र अपवाद केला जातो.

४. ब्रेसेस लावल्यापासून माझा चावा आणखी बिघडलाय. काही चुकतंय का?

बहुधा नाही. जबडा पुढे-मागे असतो तेव्हा दात आपापल्या परीने तिरके होऊन अंतर झाकतात. शस्त्रक्रियेआधी तेच दात सरळ उभे करतात, त्यामुळे झाकलेला फरक उघडा पडतो. आरशात ते वाईट दिसतं, पण जबडा सरकवायला तेवढीच जागा मिळते. हा टप्पा सहसा १२ ते १८ महिने चालतो. शेवटी जाड चौकोनी तार घालून तिच्यावर रबर अडकवायचे छोटे आकडे (हूक) बसवतात आणि काही आठवडे दात स्थिर ठेवतात. मग स्कॅन काढून संगणकावर आराखडा होतो आणि चाव्याचा साचा, म्हणजे स्प्लिंट, तयार होतं. स्कॅननंतर ब्रॅकेट (दाताला चिकटवलेला, तार धरणारा तुकडा) निघालं किंवा तार वाकली तर लगेच कळवा. दात जरासे जरी सरकले तरी साचा बसत नाही, आणि ते ऑपरेशन टेबलावर कळण्यात काही अर्थ नाही.

५. अक्कलदाढा आधी काढाव्या लागतात का?

खालच्या दाढा बऱ्याचदा काढाव्या लागतात, आणि निदान सहा महिने आधी. हाड जिथे चिरायचं तिथेच ही दाढ असते. तिची खोबण भरली नसेल तर हाड नको तिथे तडकू शकतं आणि स्क्रूला पकड मिळत नाही. काही सर्जन त्याच वेळी काढतात. वरच्या दाढा सहसा शस्त्रक्रियेतच निघतात.

६. शेवटच्या महिनाभरात काय तयारी करायची?

रक्ततपासण्या, रक्तगट, ईसीजी आणि भूलतज्ज्ञांची भेट हे तर ठरलेलंच. त्यापलीकडचं, लोक सांगायला विसरतात ते असं:

- तंबाखू, सिगारेट, व्हेप सगळं निदान चार आठवडे आधी बंद, आणि नंतरही हाड जुळेपर्यंत. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. वरचा जबडा कापल्यावर त्याला रक्त फक्त टाळू आणि गालाकडच्या मऊ भागातून मिळतं, त्यात कपात परवडत नाही.
- अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणारी औषधं, माशाच्या तेलाच्या किंवा लसणाच्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधं: घेत असाल ते सगळं सांगा. स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका.
- मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणा.
- कीड लागलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या आधीच नीट करून घ्या. नंतर सहा-आठ आठवडे तोंडच पुरेसं उघडणार नाही.
- वजन कमी असेल तर दोन-तीन किलो वाढवून ठेवलेलं बरं (प्रश्न ११ पाहा).

७. घरी काय आणून ठेवू?

दोन उश्या किंवा पाठीला टेकवायची उतरती उशी, ६० मिलिची, सुईशिवायची, निमुळत्या तोंडाची सिरिंज आणि तिला जोडायची मऊ नळी, दाबून प्यायची बाटली, लहान मुलांचा मऊ ब्रश, बारीक गाळणी, चांगला मिक्सर, बर्फाच्या पिशव्या, ओठांसाठी व्हॅसलीन, नाकात मारायचा सलाइन स्प्रे, लिहून दाखवायला पाटी किंवा फोन. पुढून बटणांचे शर्ट घाला, कारण सुजलेल्या तोंडावरून टी-शर्ट काढणं नकोसं होतं. औषधं शक्यतो पातळ स्वरूपात मागून घ्या. गोळी कुटायची असेल तर आधी विचारा, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात.

८. पहिली रात्र कशी असते?

दुखण्यापेक्षा घुसमटीची भावना जास्त छळते, हे आधी माहीत असलं की अर्धी भीती कमी होते. भुलीची नळी नाकातून घातलेली असते, म्हणून घसा खवखवतो. नाक सुजेने आणि सुकलेल्या रक्ताने बंद असतं, लाळ गिळताना त्रास होतो. श्वास तोंडातून येतो, दोन्ही जबड्यांमध्ये रबर लावलेले असले (प्रश्न १० पाहा) तरी दातांच्या फटींतून आणि दाढांच्या मागून हवा जाते. बसून किंवा ३० ते ४५ अंशांवर टेकून राहा, लाळ ओघळू द्या, नर्सकडून तोंड सक्शनने साफ करून घ्या. पोटात गेलेल्या रक्तामुळे पहिल्या दिवशी काळपट उलटी होऊ शकते. रुग्णालयात साधारण एक ते तीन दिवस राहावं लागतं.

९. सूज कधी उतरते?

ती आधी वाढते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, आणि घरी आलेला माणूस नेमका तेव्हाच आरशात बघून घाबरतो. पहिले ४८ तास बर्फ कापडात गुंडाळून २० मिनिटं ठेवायचा, २० मिनिटं काढायचा. त्वचा बधिर असते, त्यामुळे बर्फाने भाजलेलं कळत नाही, घड्याळ लावा. त्यानंतर कोमट शेक. डोकं उंच ठेवून झोपणं दोन आठवडे चालू ठेवा आणि दिवसातून चार-पाच वेळा घरातल्या घरात चाला. निळसर-पिवळे डाग गळ्यापर्यंत, कधी छातीवरही उतरतात, ते आपोआप जातात. मोठी सूज दोन-तीन आठवड्यांत जाते. उरलेली हळूहळू ओसरत सहा महिने ते वर्ष घेते. तोपर्यंत चेहऱ्याचा निकाल लावू नका. सूज एकाच बाजूला अचानक वाढली तर प्रश्न १७ पाहा.

१०. जबडे तारेने बांधून टाकतात का? आणि उलटी आली तर?

आता हाड पट्ट्यांनी धरलेलं असल्याने तारेने घट्ट बांधायची वेळ क्वचित येते. बहुतेकांना रबर असतात. ते स्नायूंना नव्या चाव्याची वाट दाखवतात, हाड धरून ठेवत नाहीत. कोणता रबर कोणत्या आकड्यातून कोणत्या आकड्यात, याचा फोटो पहिल्या भेटीतच काढून ठेवा. चुकीच्या दिशेने लावलेला रबर दोन आठवड्यांत चावा बिघडवू शकतो.

उलटी आली तर पुढे वाका, तोंड खाली करा, गाल बोटाने बाजूला ओढा. पोटात पातळच असल्याने ते दातांच्या फटींतून आणि नाकातून बाहेर पडतं. उताणं झोपून राहायचं नाही. रबर कापायला छोटी कात्री आणि तारा असतील तर वायर कटर सतत जवळ ठेवा, प्रवासातही, आणि तुमच्याबरोबर राहणाऱ्याला कोणती तार कापायची ते दाखवून ठेवायला सर्जनला सांगा.

११. काय खायचं, किती खायचं?

पहिले एक-दोन आठवडे गाळणीतून जाईल असं पातळ. नंतर सहाव्या आठवड्यापर्यंत जिभेने टाळूवर दाबून विरघळेल असं: मऊ भात, कुस्करलेला बटाटा, दही, ढवळून शिजवलेलं अंडं. सहा ते आठ आठवड्यांनी सर्जनच्या परवानगीने चावायला सुरुवात. कडक आणि चिवट पदार्थ तीन महिन्यांनंतर.

नुसत्या सूपवर आणि फळांच्या रसावर राहणं ही नेहमीची फसगत. पोट भरल्यासारखं वाटतं, पण ताकद येत नाही. हाड आणि जखम भरायला शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ७२ ते ९० ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेब लागू नाही, डॉक्टरांना विचारा.) एक पेला, म्हणजे २५० मिलि दुधात ८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. त्यात २५ ग्रॅम स्किम्ड दूध पावडर घुसळली की आकडा १७ वर जातो, आणि प्यायचं प्रमाण तेवढंच राहतं. सूपमध्ये शिजवलेली डाळ किंवा चिकन वाटून गाळा, वर चमचाभर तेल किंवा लोणी सोडा. एका वेळी पाऊण पेला संपायला अर्धा तास लागतो, म्हणून तीन जेवणांऐवजी दिवसात सहा-सात वेळा घ्या. सगळं मिळून दोन लिटरच्या पुढे द्रव पोटात जायला हवा. लघवी गडद पिवळी झाली की कमी पडतंय असं समजा.

तीन-पाच किलो वजन उतरणं सर्रास घडतं. गरम पदार्थ मनगटावर थेंब टाकून तपासा, बधिर ओठ भाजल्याचं सांगत नाही. स्ट्रॉ बहुतेक सर्जन सुरुवातीला नको म्हणतात, ओढल्याने टाक्यांवर ताण येतो.

१२. तोंड उघडतच नाही, मग दात कसे घासायचे?

नाही घासले तर टाके पिकतात, इतकं सरळ आहे. प्रत्येक खाण्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने (पेल्याला अर्धा चमचा मीठ) हळू चूळ भरा, जोरात खळखळवायचं नाही. सांगितलं असेल तर क्लोरहेक्सिडिन (चूळ भरायचं जंतुनाशक) दिवसातून दोनदा. पेस्ट आणि क्लोरहेक्सिडिन यांच्यात अर्ध्या तासाचं अंतर ठेवा, पेस्टमधल्या फेसकऱ्या द्रव्याने त्याचा परिणाम मंदावतो. त्याने दातांवर आलेले तपकिरी डाग नंतर साफ होतात. ब्रश दातांच्या बाहेरच्या बाजूने, लहान गोलाकार, हिरडीवरच्या टाक्यांना न लागता. पाण्याच्या झोताचं यंत्र पहिले काही आठवडे नको. टाके बहुधा विरघळणारे असतात. दोन-तीन आठवड्यांनी तोंडात दोरा सापडला तर घाबरू नका.

१३. नाक शिंकरायला मनाई का?

वरचा जबडा कापताना गालामागची, वरच्या जबड्याच्या हाडातली सायनसची पोकळी उघडते. जोरात शिंकरलं की हवा तिथून गालाच्या कातडीखाली शिरते, गाल फुगतो आणि दाबला की कुरकुरतो. दोन-तीन आठवडे शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची, आणि नाकात सलाइन मारून खपली मऊ करायची. नाक मोकळं करणारा औषधी स्प्रे दिला असेल तर सांगितलेल्या दिवसांपुरताच, सहसा तीन ते पाच. जास्त वापरला तर नाक उलट जास्त चोंदतं. वाकल्यावर जुनं, काळपट रक्त नाकातून येणं काही दिवस चालतं. ताजं लाल रक्त ही वेगळी गोष्ट (प्रश्न १७). फक्त खालच्या जबड्याची शस्त्रक्रिया असेल तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही.

१४. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर आहे. कायमची राहील का?

ओठ-हनुवटीला संवेदना देणारी नस खालच्या जबड्याच्या आतून, चिरलेल्या पदरांच्या मधूनच जाते. ती ताणली जाते, म्हणून बधिरता जवळपास सगळ्यांना येते. बहुतेकांची संवेदना तीन महिने ते वर्षभरात बऱ्यापैकी परतते. काहींना थोडा भाग कायम वेगळा लागतो, विशेषतः चाळिशीनंतर किंवा हनुवटीही कापली असेल तर. मुंग्या, खाज, विजेचा बारीक चटका ही बहुधा नस जागी होत असल्याची लक्षणं. ही नस फक्त संवेदनेची आहे, ओठ हलतो, हसू वाकडं होत नाही. दाढी करताना आणि जेवताना आरसा वापरा. हनुवटीवरून अन्न ओघळलेलं कळत नाही.

१५. तोंड दोन बोटांएवढंच उघडतंय. व्यायाम कधी सुरू करू?

परवानगी मिळाल्यावर, साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात. वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये स्वतःची तीन बोटं उभी मावली, म्हणजे ४० मिलिमीटरच्या आसपास, की पोचलात. सकाळी कोमट शेक देऊन, आरशासमोर, जबडा सरळ रेषेत उघडायचा. ताण जाणवेपर्यंत, दुखेपर्यंत नाही. पाच-दहा सेकंद धरायचं, दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. बोटांनी जोर लावून उघडायचं काम फिजिओथेरपिस्टने सांगितल्याशिवाय नको.

१६. कामावर, व्यायामाला, विमान प्रवासाला कधी जाता येईल?

बैठं काम दोन-तीन आठवड्यांत जमतं, पण खूप बोलावं लागणाऱ्यांनी चार धरावेत. 'स', 'श', 'फ' काही काळ अडखळतात. अंगमेहनतीचं काम सहा आठवड्यांनंतर. चालणं पहिल्या दिवसापासून. पहिले तीन आठवडे पाच किलोच्या वर उचलू नका, वाकून जोर केला की नाकातून रक्त येतं. ज्या खेळात चेहऱ्याला धक्का बसू शकतो ते तीन ते सहा महिने बंद. गाडी चालवणं झोप आणणारी वेदनाशामकं सुटल्यावर आणि मान पूर्ण वळायला लागल्यावर. वरच्या जबड्यानंतर विमानाला सहसा दोन ते चार आठवडे थांबायला सांगतात.

१७. कोणत्या गोष्टींसाठी लगेच फोन करायचा?

श्वास घेताना त्रास, पोटरी एकाच पायाची सुजून दुखणं, छातीत कळ, दिसण्यात फरक: यांसाठी फोनही नाही, थेट आपत्कालीन विभाग. १५-२० मिनिटं दाबून धरूनही न थांबणारं लाल रक्त, तसंच. वरच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन आठवड्यांत नाकातून अचानक भसाभस रक्त येऊन आपोआप थांबलं, तरीही जा. धमनीला लागलेलं असू शकतं आणि पुढचा रक्तस्राव मोठा असतो. "थांबलं ना" म्हणून घरी बसणं इथे धोक्याचं.

त्याच दिवशी कळवायचं ते: ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप, पू किंवा घाण चव, एका बाजूची वाढती सूज, चावा एकाएकी बदलणं, पट्टीच्या जागी खटकन आवाज.

१८. शस्त्रक्रिया चांगली झाली म्हणतात, पण मला रडू येतंय. चेहरा माझा वाटत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे इतकं सर्रास होतं की आधीच सांगून ठेवायला हवं. झोप अपुरी, खाणं अपुरं, सूज उतरवायचं स्टिरॉइड नुकतंच थांबलेलं आणि आरशात अनोळखी चेहरा. जवळच्यांना "ओळखूच आली नाहीस" असं विनोदानेही म्हणू नका असं सांगून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत मन सावरलं नाही, किंवा जगणं नकोसं वाटलं, तर थांबायचं नाही, डॉक्टरांशी लगेच बोलायचं.

१९. पट्ट्या काढाव्या लागतात का? एमआरआय चालतो का?

बहुतेकांच्या आयुष्यभर तशाच राहतात. संसर्ग झाला, स्क्रू ढिला पडला किंवा हाताला टोचायला लागला तर हाड जुळल्यावर काढतात. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही, त्यामुळे एमआरआय सहसा करता येतो. तरी आधी सांगा, त्या भागाचं चित्र थोडं धूसर येतं.

२०. जबडा पुन्हा जुन्या जागी जातो का?

थोडाफार सरकू शकतो. जबडा खूप पुढे आणला असेल, वरचा जबडा रुंद केला असेल किंवा पुढचे दात न मिटणारा चावा बंद केला असेल तर शक्यता वाढते. जीभ दातांमध्ये ढकलायची सवय, रबर न लावणं, आणि कानाजवळच्या सांध्याचं टोक झिजणं ही कारणं. शस्त्रक्रियेनंतर आणखी सहा ते बारा महिने ब्रेसेस असतात. त्या निघाल्यावर रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारं साधन) वापरायचाच.

२१. टाळू जन्मतः फाटलेली होती / सांधा आधीपासून कटकटतो / झोपेत श्वास अडतो. माझ्यासाठी काही वेगळं?

तिन्ही वेगवेगळं. टाळूची आधी शस्त्रक्रिया झालेल्यांत वरचा जबडा पुढे आणला की कधीकधी मऊ टाळू घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचत नाही आणि आवाज नाकातून येऊ लागतो. म्हणून आधी स्पीच थेरपिस्टकडून तपासणी हवी. सांध्याचं दुखणं काहींचं कमी होतं, काहींचं तसंच राहतं, क्वचित वाढतं. फक्त त्यासाठी जबडा कापून घेऊ नये. झोपेत श्वास अडण्यासाठी दोन्ही जबडे बरेच, साधारण १० मिलिमीटर, पुढे आणतात. त्यात चेहरा बदलतो, ते आधी आराखड्यावर पाहून घ्या. सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) वापरत असाल तर भूलतज्ज्ञांना सांगा आणि रुग्णालयात मशीन घेऊन जा, पण वरच्या जबड्यानंतर ते कधी लावायचं हे सर्जनने ठरवायचं, कारण प्रश्न १३ मधला हवेचा धोका इथेही असतो. नाकाची शस्त्रक्रियाही करायची असेल तर निदान सहा महिने थांबा. वरचा जबडा सरकल्यावर नाकाचा पाया रुंदावतो, शेंडा थोडा वर येतो, आणि सूज उतरल्यावर काहींना नाकाला हात लावायची गरजच उरत नाही.